शिकाऊ जिवाणू

सातपूरच्या ‘जलसाक्षी’ कंपनीत डॉ. वत्सला हुद्दार तीन नळ्यांसमोर बसून होत्या आणि त्यांच्याने उठवत नव्हतं. वीस वर्षं तालुक्याच्या कॉलेजात जैवतंत्रज्ञान शिकवलं. मग निरंजन कोलते या जुन्या विद्यार्थ्याने त्यांना आपल्या कंपनीत आणलं, तेही शिकवायलाच. इथले विद्यार्थी पाण्यातलं विष ओळखणारे जिवाणू होते. निदान ते हजेरीच्या वेळी खोट्या सह्या तरी करत नसत.

“मॅडम, उद्या धरणावर यंत्र बसतंय आणि तुम्ही अशा?” निरंजन आत येत म्हणाला.

“हे जिवाणू शिकतात कसे, ते एकदा मला सांग.”

“मला? तुम्हीच तर शिकवलंत! विषारी पाण्यात बरोबर चमकला त्याला साखर, चुकला तो उपाशी. स्मृतिजनुक तो धडा पुढच्या पिढीत उतरवतं.”

“म्हणजे ज्याने साखर मिळते, ते शिकतात. विष ओळखायलाच शिकतील असं नाही.”

“दोन वर्षांत एकदाही चुकले नाहीत, मॅडम. थांबा, तुमच्या समाधानासाठी मी हाताने तपासतो.”

त्याने बाह्या सारल्या, तिन्ही नळ्यांत विष असेल तर पाणी जांभळं करणाऱ्या रसायनाचे थेंब टाकले आणि उजेडात धरून पाहिल्या. “तिसरी. फिकट आहे, पण जांभळी झालीय.” मग त्याने यंत्र सुरू केलं. तिसऱ्या नळीतले जिवाणू लख्ख चमकले. “बघा! माणूस आणि जिवाणू, दोघांचं एकमत.”

“निरंजन, तिन्ही नळ्यांत साधं पाणी आहे.”

तो हसला, मग हसायचा थांबला. त्याने नळी पुन्हा उजेडात धरली. जांभळेपणा कुठेच नव्हता.

“सकाळी विष संपलं म्हणून नुसतं पाणी भरलं, तरी तिसरी चमकली,” बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. “कॉलेजात प्रात्यक्षिकाला मी विष कायम तिसऱ्या नळीत घालायचे. साठ पोरं, एकच शिपाई, वर बाहेरचा परीक्षक. घोळ नको म्हणून. इथेही हात तसाच चालला. जित्याची खोड रे! उद्या धरणावर यंत्राच्या पहिल्या नळीत विष आलं, तर हे गप्प बसतील आणि गाव पाणी पिऊन मोकळं होईल.”

त्यांना स्वतःची लाज वाटली. आपला निकाल शंभर टक्के लागायचा, याचा त्यांना केवढा अभिमान होता!

“यंत्र थांबवतो,” निरंजन म्हणाला. “जिवाणूंची स्मृती पुसू, नळ्यांची अदलाबदल करून नव्याने शिकवू. सहा महिन्यांत होईल. तोवर धरणाचं पाणी माणसंच तपासतील.”

“कोणती माणसं?”

निरंजन पटापट नावं सांगू लागला. बोरस्ते, गायधनी, सानप, पिंगळे... मग त्याचा आवाज बारीक होत गेला. सगळे कॉलेजात बाईंच्याच हाताखाली शिकलेले होते.