आतल्या बाजूचे ओरखडे

"आत हात घातल्याशिवाय आतून ओरखडा पडत नाही," शंकासुर म्हणाला आणि त्याने टाकीच्या पारदर्शक भिंतीवरून पुन्हा नख फिरवलं. बाहेरून भिंत गुळगुळीत होती, नख कुठेच अडकत नव्हतं. तरी डोळ्यांसमोर वाकडेतिकडे पांढुरके ओरखडे दिसत होतेच, आणि त्यांत हिरवं शेवाळ जाऊन बसलं होतं.

"आणि आत हात कोण घालतं?" बारक्याने विचारलं.

उत्तर तिघांनाही ठाऊक होतं. मत्स्यालयातल्या या सगळ्यात मोठ्या टाकीत एकाच माणसाचा हात जात असे, आणि ती झिपरीची आणि बारक्याची सख्खी मावशी होती.

सुट्टीत ही दोघं बहीणभावंडं मावशीकडे राहायला आली होती. शेजारचा शंकासुर पहिल्याच दिवशी त्यांना येऊन चिकटला. दुधात पाणी किती घातलंय, हे दूधवाल्याला तोंडावर विचारणारा हा मुलगा. त्याचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत उरलं होतं. एरवी सुट्टी मजेत गेली असती, पण मत्स्यालयाच्या मॅनेजरांनी मावशीला बजावलं होतं, की उद्या मालकीणबाई येणार, त्यांना ओरखडे दाखवणार आणि टाकीचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी देणार. ते काम म्हणजे मावशीचा जीव की प्राण होता. घरी जेवतानासुद्धा ती कुठल्या माशाने आज तोंड फिरवलं तेच सांगत बसायची.

टाकी काचेची नव्हती, ॲक्रिलिकची होती. "दिसते काचेसारखी, पण अंगाने मऊ आहे," मावशी म्हणायची. "खरखरीत काही लागलं की उठलाच ओरखडा. त्यात एकदा शेवाळ बसलं की हटता हटत नाही." म्हणून लांब काठीच्या टोकाला मऊ फ्लॅनेल गुंडाळून, मागच्या शिडीवर उभी राहून ती हलक्या हाताने आतून भिंत पुसायची.

झिपरीच्या मनात मात्र पाल चुकचुकली. मावशीची नजर हल्ली कमी झाली असली तर? फ्लॅनेलमध्ये खडा अडकलेला तिला दिसलाच नसला तर? त्या दुपारी कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने ती काठी कोठीतल्या पोत्यांमागे सरकवून दिली.

"काठीला काय पाय फुटले?" म्हणत मावशी संध्याकाळपर्यंत कोठी धुंडाळत राहिली. झिपरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ती गप्प बसली. खरं काय ते कळायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी माशांचं खाणं चिरायला मागच्या खोलीत गेली आणि तिघं टाकीकडे धावली. भिंतीवर नवा कोरा ओरखडा होता, लांबलचक आणि बाकदार.

"मावशी नाही! काठी तर पोत्यांमागे आहे," झिपरी म्हणाली आणि तिने मोठा श्वास सोडला.

"थांब, इतक्यात नाचू नकोस," शंकासुर म्हणाला. "काल इथे मधोमध हिरवी झाक होती. आज भिंत चकचकीत आहे. काठी नसताना पुसली कुणी?"

"भुताने," बारक्या म्हणाला. तो जमिनीवर पालथा पडून टाकीच्या तळाकडे बघत होता. "ए, त्या दगडामागे, भिंतीला लागून वाळूत काहीतरी काळं आहे. साबणाच्या वडीएवढं. त्याला शेवाळ लागलंय."

तेवढ्यात मॅनेजर आले. "भिंतीला हात लावायचा नाही," त्यांनी दरडावलं आणि लोखंडी किल्ल्यांचा जुडगा कोटाच्या खिशात टाकायला गेले. जुडगा खिशात गेलाच नाही. तो बाहेरूनच कोटाला चिकटला. त्यांनी सवयीने तो ओढून काढला, दुसऱ्या खिशात टाकला आणि ते निघून गेले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"चुंबक," बारक्या कुजबुजला. "एक खिशात, एक दगडामागे. बाहेरचा भिंतीवर फिरवला की आतला त्याच्या मागे मागे फिरतो. आत हात घालायलाच नको."

"आणि आतला पडलेला असतो वाळूत," शंकासुर म्हणाला. "म्हणजे वर येताना वाळूचे कण घेऊनच येणार. चला, सांगून टाकू."

"आपलं कोण ऐकणार? तुम्हीच काहीतरी आत टाकलंत म्हणतील," झिपरी म्हणाली. "त्यांनाच दाखवायला लावू."

मालकीणबाई आल्या, तेव्हा मॅनेजर एकेका ओरखड्यावर बोट ठेवून बोलत होते आणि मावशी मान खाली घालून उभी होती. झिपरी पुढे झाली.

"बाई, ओरखड्यांचं राहू द्या, पण मधली भिंत बघा ना किती लख्ख आहे. आमची मावशीच ठेवते तशी."

मॅनेजरांच्या कपाळाला आठी पडली.

"इतकं स्वच्छ दुसऱ्या कुणाला जमणारच नाही," शंकासुराने आगीत तेल ओतलं.

"रोज सकाळी भिंत कोण पुसतं, ते मला विचारा," मॅनेजर उसळून म्हणाले. "यांच्या काठीवर अवलंबून राहिलो असतो, तर एव्हाना टाकीचं हिरवं तळं झालं असतं. या कुणाला हात लावू देत नाहीत, म्हणून मी आपला गुपचूप करतो."

त्यांनी खिशातून काळी वडी काढून भिंतीला खाली तळाशी लावली आणि वर फिरवली. दगडामागची दुसरी वडी वाळूतून उठली आणि वर सरकू लागली. कर्रर्र असा आवाज झाला आणि मालकीणबाईंच्या नाकासमोर एक पांढरी रेघ उमटली.

"थांबा," मालकीणबाई म्हणाल्या.

"घरच्या टाकीवर तर कधीच असं होत नाही," मॅनेजर पुटपुटले.

"घरची टाकी कशाची आहे?" मावशीने विचारलं.

"काचेची."

"आणि तळाशी वाळू?"

"वाळू नाही." मॅनेजरांचा चेहरा उतरला. ते बाकावर बसले. "म्हणजे हे सगळे ओरखडे माझेच?"

"तुमचेच," मालकीणबाई म्हणाल्या. "टाकी ताईंकडेच राहील. ताई, हे ओरखडे जातील का?"

"पाणी उपसून, बारीक पॉलिशच्या कागदाने हळूहळू घासले तर जातील. पण हात दुखून येतात."

"दुखू देत. घासतील हे, तुम्ही समोर उभं राहून शिकवा." किल्ल्या कोटाला चिकटल्यावर चुंबक कसा ओळखला, ते मुलांनी सांगितलं, तेव्हा त्या त्यांच्याकडे वळल्या. "शाबास रे पोरांनो! आम्ही मोठे नुसते ओरखडे बघत बसलो, तुम्ही हात कुणाचा ते शोधलंत."

मालकीणबाई गेल्यावर झिपरी मावशीजवळ गेली.

"मावशी, काठी मीच लपवली होती. मला तुझाच संशय आला होता."



"मलाही माझाच आला होता गं," मावशी म्हणाली. "रोज सकाळी नवा ओरखडा दिसायचा आणि मी माझ्या हातांकडे बघत बसायची. वाटायचं, आता हे काही कामाचे राहिले नाहीत."

ती हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले. झिपरीने तिचे ते माशांचा वास येणारे हात घट्ट धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.