बाण डावीकडे जातो

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी टॉलेफसनबाईंचा फोन आला. “व्हर्न, माझा माऊस वेड्यासारखं करतोय. येऊन बघतोस का?” आमच्या गावात कुणाचाही कॉम्प्युटर रुसला की मलाच बोलावतात, त्यामुळे त्यात नवल काही नव्हतं. बाईंनी मला तिसरीत शिकवलंय. अजूनही त्यांच्या दारात मी बूट नीट जोडीनं काढून ठेवतो.

घर सरोवराच्या काठावर आहे. सरोवर गोठलेलं होतं आणि मधूनच बर्फाच्या पोटातून कण्हल्यासारखा आवाज यायचा. आत कॉफीचा वास होता, आणि त्या वासाखाली ऑरिनच्या पाइपमधल्या तंबाखूचा. ऑरिन म्हणजे बाईंचा नवरा. नोव्हेंबरात गेला.

या दोघांची तऱ्हा आधी सांगायला हवी. बोटींत खनिज भरायच्या धक्क्यावर चाळीस वर्षं काम करून ऑरिन ठार बहिरा झाला होता. निवृत्तीनंतर दोघं एका लांब टेबलाशी शेजारी शेजारी बसायची, तो डावीकडे, बाई उजवीकडे. तो जुन्या जहाजांचे फोटो साफ करायचा, बाई त्याखाली माहिती लिहायच्या. कॉम्प्युटर दोन, कीबोर्ड दोन, पण माऊस एकच. तसा प्रोग्राम मीच घालून दिला होता. बाण पडद्याच्या कडेपलीकडे ढकलला की शेजारच्या कॉम्प्युटरवर उतरायचा, आणि तिकडे कॉपी केलेलं इकडे पेस्ट करता यायचं. त्यांचं बोलणंही त्यातूनच चालायचं. ऑरिन ‘आर्डिस, कॉफी?’ असं बाईंना लिहून कॉपी करायचा आणि बाण उजवीकडे सोडायचा. बाई पेस्ट करून वाचायच्या आणि उठायच्या. माऊसवरून भांडण मात्र रोजचं. बाईंना धीर कसला तो नाही. त्या त्याच्या हातातून हिसकावूनच घ्यायच्या.

मी टेबलाशी बसलो. डावीकडची जागा रिकामी होती. ऑरिनचा कॉम्प्युटर लेकीनं जानेवारीत चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजाराला देऊन टाकला होता. धुळीत एक स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता.

बाण थोडा वेळ नीट चालला. मग हळूच डावीकडे ओढला गेला, कडेपलीकडे गेला, आणि परत येईना.

मी बॅटरी बदलली. खालच्या लाल दिव्याशी अडकलेला केस काढला. टेबल चकचकीत, म्हणून खाली कागद घातला. शेवटी माझ्या बॅगेतला नवाकोरा माऊस जोडला. त्याचाही बाण गेला, डावीकडेच. प्रोग्राम उघडून बघतो तर यादीत दोन नावं होती, आणि ‘ऑरिन’ या नावापुढे हिरवा ठिपका होता. जोडलेला आहे, असा त्याचा अर्थ.

“जुनं नाव राहून गेलंय यादीत,” मी म्हणालो. “काढून टाकतो, मग थांबेल.”

“काढू नकोस.” बाई माझ्या मागेच उभ्या होत्या. “बाण कुठे जातो ते मला ठाऊक आहे. दर वेळी मी तो ओढून परत आणते आणि पेस्ट करून बघते. काहीच येत नाही रे... रोज कोरं.”

मी माऊसवरचा हात काढला. त्याच बोलत राहिल्या.

“तो गेला त्या सकाळी आमचं माऊसवरूनच वाजलं. घे तुझा तो माऊस, म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. दोन तास इकडे फिरकले नाही. वाटलं, फुगून बसला असेल... डॉक्टर म्हणाले, उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. पण जीव बराच वेळ होता. त्यानं मला काही लिहिलं होतं का, एवढंच कळू दे. फार नको, व्हर्न. एक शब्द.”

“तुम्ही हिसकावता, बाई,” माझ्या तोंडून निघून गेलं. “त्याचं लिहून व्हायच्या आत. हात लावू नका, आपण होऊन येऊ दे.”

बोललो आणि माझं मलाच कसंतरी झालं.

“तोही हेच म्हणायचा,” बाई म्हणाल्या आणि कॉफी करायला आत गेल्या.

मी हात मांडीवर ठेवून बसलो. बाहेर बर्फ कण्हला. आत कपांचा आवाज येत होता. तंबाखूचा वास आता इतका दाट झाला होता, की मी डावीकडे बघायचं टाळलं. वीसेक मिनिटं गेली असतील. मग पडद्याच्या डाव्या कडेतून बाण आला. सावकाश, थरथरत, सवय नसलेल्या हातानं कुणी धरलाय तसा.

मी पेस्ट केलं.

‘आर्डिस ये. हात उचलत नाही. ये ना’

बाईंची पावलं वाजली. मी ते पुसून टाकलं.

“काय आलं?”

“कोरंच आहे, बाई.”

त्या कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. “म्हणजे त्यानं मला बोलावलंच नाही... पटकन गेला असेल, नाही?”

“पटकनच.”

मग त्या रडल्या. अंत्यविधीलाही रडल्या नव्हत्या. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाल्या, “काढ आता ते नाव.” मी काढलं. बाण जागच्या जागी थांबला.

बाई रविवारी चर्चमध्ये भेटतात. बऱ्या दिसतात, झोप लागते म्हणतात. मला वाटलं, एका खोट्यानं चांगलंच केलं.

माझ्या घरी एकच कॉम्प्युटर आहे. तो प्रोग्राम त्यात कधीच नव्हता. गेल्या गुरुवारी जेवण झाल्यावर बसलो होतो, तर बाण हळूच डावीकडे निघाला. मी धरला नाही. तो थरथरत परत आला तेव्हा मी पेस्ट केलं.

‘आर्डिस आहे ना तिकडे?’

बहिरा माणूस, लुळा हात, आणि तो अजून त्याच सकाळी अडकून बसलाय. मी ‘आहे’ असं लिहिलं, कॉपी केलं आणि बाण डावीकडे सोडला.

बाण आज सकाळी परत आला.

‘मग येत का नाही?’