आईच्या नावाचा रकाना

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो नीलेश माझा मावसभाऊ, आणि भुताखेताच्या गप्पा मारणारा माणूस तो नाही.

१४ मे २०२५. बुधवार. गाव पारोळा. वेळ दुपारी दोनची.

हो, दुपारचीच. खानदेशातली मे महिन्यातली दुपार ज्याने पाहिली आहे, त्याला वेगळं सांगायला नको. रस्त्यावर कुत्रंही नसतं.

नीलेशचं धुळ्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सकाळीच त्याला पारोळ्याच्या रतिलाल आबांचा फोन आला होता. आबा म्हणजे निवृत्त पोस्टमन. घरात ते आणि काकू, दोघंच.

"पेपर वाचायला जातो तर भलतंच पान उघडतं. एकदा येऊन जा भाऊ."

नीलेशला त्यात काही नवल वाटलं नाही. असे व्हायरस तो रोज काढतो. आपण एक पत्ता टाकायचा, त्याने आपल्याला दुसरीकडेच नेऊन सोडायचं. लॉटरी, पत्त्यांचे डाव, कसल्या कसल्या जाहिराती.

आबांच्या घरी पोचल्यावर त्याने विचारलं, "आबा, काही फुकटचं डाउनलोड केलं होतं का?"

"पंचांग घेतलं होतं बुवा."

पंचांगाबरोबरच ती घाण आत शिरली होती. नीलेशने तो प्रोग्रॅम काढला. ब्राउझरला चिकटलेलं एक्स्टेंशन काढलं. सगळ्या सेटिंग मूळच्या जागी आणल्या. स्कॅन केला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला.

पेपर उघडला. अगदी नीट.

"झालं आबा."

आबा स्क्रीनकडे बघत नव्हते.

"अजून एकदा उघडा," ते म्हणाले.

नीलेशने पुन्हा पत्ता टाकला. आणि...

बारावीच्या निकालाचं पान उघडलं.

साल २०२३. बैठक क्रमांक आधीच भरलेला. त्याखाली आईच्या नावाचा रकाना. तो मात्र रिकामा.

त्या रिकाम्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता.

त्याने पान बंद केलं. दुसरा पत्ता टाकला. पुन्हा तेच पान. तिसरा टाकला. तेच.

मग त्याने नेटची वायर उपसून काढली.

तरीही... तेच पान.

कॉम्प्युटर अडला की स्क्रीनचा फोटो काढून ठेवायची त्याला सवय आहे. त्याने फोटो काढला. मोबाईल खिशात टाकला. हात मांडीवर ठेवून तो विचार करत बसला.

टक्...

कीबोर्डचं बटण दाबल्याचा आवाज.

टक्... टक्...

त्याचे दोन्ही हात मांडीवर होते.

"आबा, घरात बारावीला कोणी होतं का?"

आबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. "बठ्ठं, सगळं पुसून टाका. कोरं करा."

"पुसू नका भाऊ."

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. त्या कधी आल्या, कळलंच नव्हतं.

"तो रूपाना नंबर शे. मन्ही पोर. माले पाठ शे तो," त्या अहिराणीत म्हणाल्या.

रूपा त्यांची एकुलती एक. बारावीचा शेवटचा पेपर देऊन आली आणि पाचव्या दिवशी तापाने फणफणली. ताप डोक्यात गेला. धुळ्याच्या दवाखान्यात आठ दिवस काढले. शुद्धीवर आली की एकच विचारायची, "आई, निकाल लागला का?"

निकाल लागला तेव्हा ती नव्हती. घरात कोणीही तो पाहिला नाही. हॉल तिकीट तर तिच्याबरोबर चितेवरच ठेवलं होतं.

नंबर कुठेतरी साठून राहिला असेल, अशी नीलेशने मनाची समजूत घातली. "कॉम्प्युटर तिचाच ना?"

"नाही," आबा म्हणाले. "मागच्या दिवाळीला घेतला."

काकू खुर्चीजवळ आल्या. "ती मन्हं नाव मागस. टाकू द्या माले."

आबा एकदम मध्ये आले. "पुसा, नीलेशभाऊ! हात जोडतो तुम्हाला!"

एवढा मोठा माणूस हात जोडून उभा होता. नीलेशने त्यांचं ऐकलं. आज तो म्हणतो, नव्हतं ऐकायला पाहिजे.

सगळं पुसून नवीन विंडोज टाकायला दीड तास गेला. काकू उंबऱ्यावर बसून होत्या. काम संपलं तशा उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

पेपर आता उघडत होता. पाच वेळा उघडून पाहिला. पाचही वेळा पेपरच.

पाचच्या सुमाराला नीलेश स्टँडवर आला. धुळ्याची गाडी लागायची होती. सहज त्याने मोबाईलवर तो फोटो उघडून पाहिला.

फोटोत रकाना रिकामा नव्हता.

त्यात इंग्रजीत लिहिलं होतं... सुनंदा.

काकूंचं नाव त्याला तोवर ठाऊकही नव्हतं.

त्याने मोबाईलवरच जुन्या निकालांचं पान शोधलं. नंबर टाकला. ते नाव टाकलं.

रूपा. उत्तीर्ण. एकाहत्तर टक्के.

गाडी लागली, पण तो चढला नाही. उन्हातच उलट पळत सुटला. निदान एवढं तरी त्या माउलीला कळायला हवं होतं.

दार उघडंच होतं. आबा खुर्चीत. काकू जमिनीवर बसलेल्या. डोळे सुजलेले, पण चेहरा कसा शांत.

नीलेशने तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "एकाहत्तर ना भाऊ?"

मोबाईल अजून त्याच्या खिशातच होता.

"रूपा सांगी गई. आत्तेच."

आबा खुर्चीतून घसरत त्यांच्याजवळ आले. "आली होती? कशी दिसत होती गं?"

काकूंनी त्यांच्याकडे न बघताच सांगितलं.

"पाठमोरी उभी व्हती. तोंड दखाडं नही तिनी."

आबांनी कपाळ भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. नीलेशने त्यांना कवेत धरलं, तेव्हा कुठे ते थांबले. मग हुंदक्यातून बोलले. फिजिक्सचा पेपर अवघड गेला म्हणून पोर रडत घरी आली होती. त्यांचा राग अनावर झाला. ते म्हणाले होते, "नापास झालीस तर मला तोंड दाखवू नको."

ही गोष्ट त्यांनी काकूंनाही कधी सांगितली नव्हती. दोन वर्षं ते निकालाला भीत होते. पास असली तरी मेलो, नापास असली तरी मेलो, म्हणाले.

मग त्यांनी नीलेशचा हात घट्ट धरला.

"पण ती पास झाली ना, नीलेशभाऊ? पास झाली ना ती? मग का नाही दाखवलं?"

नीलेशने खिशातला मोबाईल काढला आणि तो निकाल त्यांच्या हातात दिला. मला सांगताना त्याने गोष्ट इथेच संपवली.