बिनहुकमाची कवायत

विमला मैदानात उतरली ती भांडायलाच.

दिवाळीनंतर ती मुलींच्या शाळेत बिगरीच्या वर्गावर लागली होती. तिच्या वर्गाची खोली हायस्कूलच्या मैदानाला लागून. हायस्कूलने त्याच वर्षाच्या सुरुवातीला मुलांची कॅडेट कंपनी काढली होती आणि कवायत शिकवायला श्याम नावाचा चिपळूणकडचा तरुण मास्तर आणला होता. मास्तर अंगाने बेताचा, पण त्याने हुकूम सोडला की दोन शाळांमधल्या चिऱ्याच्या गडग्यावरचे कावळे उडत.

"तुमच्या अबाउट टर्नला माझ्या मुली फळ्याकडे पाठ करतात," ती म्हणाली.

श्यामने छडी काखेत धरली. "सगळ्या?"

"सगळ्या."

"एकदम?"

"एकदम."

"मग माझ्या कंपनीपेक्षा बऱ्या आहेत, बाई. माझे दोघे अजून उलटे फिरतात."

हसायचं नाही असं ठरवून आली होती ती. "मास्तर, जरा हळू ओरडता येणार नाही का?"

"हळू ओरडायचं..." त्याने खरोखर विचार केल्यासारखं केलं. "तुम्ही शिकवाल?"

ती वळली आणि तरातरा निघाली. गडग्यापाशी पोचल्यावर मात्र तिने मागे पाहिलं. तो अजून तिथेच उभा होता, आणि सगळी कंपनी त्याच्याकडे बघत होती.

पुढच्या शनिवारी तो आपला आवाज कुठवर पोचतो ते पाहायला म्हणून तिच्या वर्गाशी आला. विमला तेव्हा मुलींकडून गोफ करून घेत होती. आढ्याला बांधलेल्या रंगीत पट्ट्यांची टोकं हातात धरून मुली एकमेकींच्या आतून-बाहेरून फिरत होत्या, आणि वर वेणी विणली जात होती. गोफाला गाणं असतं. पण शेजारी वर्ग चालू होता म्हणून ते कुणीच म्हणत नव्हतं. श्याम दारातच थांबला. गोफ विणून झाला, मुली उलट फिरल्या, तो सगळा सुटला. कुणी कुणाला धडकलं नाही.

"हुकूम कोण देतं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. गाणं मनात म्हणायचं आणि पुढच्या मुलीच्या वेणीवर नजर ठेवायची."

"माझ्या पोरांना वेण्या नाहीत, बाई."

"खांदे आहेत ना."

तेव्हापासून मधल्या सुट्टीत गडग्याच्या अलीकडे ती आणि पलीकडे तो असं बोलणं होऊ लागलं. बोलणं साधंच. मुलींनी काय केलं, पोरांनी काय केलं. विमलाचे वडील आप्पा कोर्टातून निवृत्त झालेले, कानाने अधू; मैदानामागच्या आळीत ओटीवर बसून असत. रत्नागिरीत आपल्याला एकाच माणसाचं बोलणं धड ऐकू येतं, आणि तो म्हणजे तो कवायतमास्तर, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. विमलाने हे श्यामला सांगितलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला.

मग एके दिवशी त्याने सहज सांगावं तसं सांगितलं. हायस्कूलचे अध्यक्ष, गावातले मोठे वकील, कंपनीवर नाराज होते. नुसता आरडाओरडा, त्यात शिस्त कुठे, असं त्यांचं मत. जानेवारीत कंपनीचा पहिला वाढदिवस होता. त्या दिवशीची कवायत पाहून कंपनी ठेवायची की मोडायची ते ठरणार होतं. मोडली, तर मुंबईला मामांनी एका गिरणीच्या कचेरीत जागा बघून ठेवली होती. श्याम बोटीने जाणार होता.

"बरं," विमला म्हणाली.

त्या दुपारी तिने बिगरीत एकच धडा दोनदा घेतला, आणि मुलींनीही तिला सांगितलं नाही.

वाढदिवस आठवड्यावर आला आणि मैदान एकाएकी गप्प झालं. मुली खिडकीकडे बघू लागल्या. मधल्या सुट्टीची वाट न पाहता विमला बाहेर आली. श्याम गडग्यावर बसला होता, गळ्याला फडकं, गालात ज्येष्ठमधाची काडी. आवाज पार बसला होता. त्याने तोंड उघडलं, पण नुसती हवाच बाहेर आली. वैद्यांनी पंधरा दिवस बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं, हे एका कॅडेटने सांगितलं.

विमलाने मैदानाकडे पाहिलं. पोरं रांगेत उभी, हुकमाची वाट बघत.

"मास्तर," ती म्हणाली, "यांना खांदे आहेत ना?"

त्याने मान वर केली. मग हळूहळू... तो हसला.

वाढदिवसाला मैदान भरून गेलं. खुर्च्यांवर अध्यक्ष आणि पाहुणे, गडग्यावर पोरं, एका बाजूला बायका. आप्पा पुढे काठी टेकून बसले होते. विमला बिगरीच्या मुलींसह उभी होती.

श्याम कंपनीसमोर आला. छडी वर केली आणि खाली आणली. एवढंच.

कंपनी निघाली. कुणी हुकूम दिला नाही, बिगूल वाजला नाही. सगळे पाय एकदम उचलले गेले आणि एकदम पडले; तांबड्या मातीवर फक्त तोच आवाज. टोक आलं, उजवीकडचा पहिला खांदा किंचित वळला, आणि वाऱ्याने भात लवावं तशी सगळी रांग वळली. मग दोन रांगा समोरासमोर आल्या. लोकांना वाटलं, आता आदळणार. त्या एकमेकींत शिरल्या, आतून बाहेर, बाहेरून आत. मधे पोरांची वेणी विणली गेली आणि सुटली. एका मुलीने विमलाचा पदर ओढला. "बाई, गोफ..." ती कुजबुजली.

मग कंपनी थांबली. शेवटचं पाऊल एकच पडलं.

टाळी कुणी वाजवेना. त्या शांततेत दूरवरून लाटांची गाज आली. या मैदानावरून समुद्र ऐकू येतो, हे इतक्या वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आप्पांनी काठीवर हात घट्ट धरले होते. ती पावलं त्यांना जमिनीतून कळली होती. अध्यक्ष उठले. डोक्यावरची पगडी त्यांनी उगीचच नीट केली.

"कंपनी राहील," ते म्हणाले. मग टाळ्या सुरू झाल्या.

गर्दी पांगल्यावर श्याम गडग्यापाशी आला. ती पलीकडे उभी होती. त्याने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. एकदा, पुन्हा एकदा. गळ्याच्या शिरा ताणल्या, शब्द उमटला नाही.

"बोलू नका," विमला म्हणाली. ज्याला हळू ओरडायला सांगायला आली होती, त्याचं एक अक्षर ऐकायला आज तिचा जीव गोळा झाला होता. "वैद्यांचे दिवस भरू द्या. आवाज आला की आधी आमच्याकडे या. आप्पांशी बोला. आणि मोठ्याने बोला, मास्तर... त्यांना कमी ऐकू येतं."

श्यामने टाचा जुळवल्या. छडी काखेत, नजर समोर. कडक सलाम ठोकला. मग तिला हसू आवरलं नाही.

पंधरा दिवस भरले आणि तो संध्याकाळी आप्पांच्या ओटीच्या पायरीशी उभा राहिला. जे बोलायचं ते त्याने एका दमात, मैदानावरच्या आवाजात बोलून टाकलं. समोरच्या घरात दळणाऱ्या बाईचं जातं थांबलं. आळीला लग्नाची बातमी सांगत फिरायची गरज पुढे कुणाला पडली नाही.

आप्पांनी सावकाश अडकित्ता खाली ठेवला. "ऐकलं," ते म्हणाले. "मुलीला विचारलंत?"

दाराआड बांगड्या वाजल्या. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण आता त्याचं उत्तर ऐकायला आप्पांना कानामागे हात धरून पुढे वाकावं लागलं.

"मी नाही विचारलं," श्याम म्हणाला. "हुकूम त्यांनीच दिला."