हिरोची पाठ

"अहो, जरा सही द्याल?"

वाईच्या घाटावर पाठमोऱ्या, सुटाबुटातल्या त्या माणसाला मी धीर करून विचारलं. तो वळला... आणि माझा चेहराच पडला. गालाला ग्रीस फासलेलं, डोळ्यांत मिश्कील हसू.

"मी हिरो न्हाई, बाईसाहेब. हिरोची पाठ हाय! सयाजी म्हनत्यात. आष्ट्याला मोटारसायकली दुरुस्त करतो."

"अय्या! मग मी हिरॉईनची पाठ. विजयमाला."

मुंबईचे टीव्हीवाले आमच्याकडे हेरांची मालिका करत होते. करडा लष्करी अधिकारी आणि तोंडाळ तमासगिरीण, दोघांचं घडीभर पटत नाही, तरी चोरीला गेलेला नकाशा मिळून शोधतात. हिरोला मोटारसायकल येत नव्हती, हिरॉईनला तिच्यावर बसायची धास्ती. म्हणून पाठलागासाठी लांबून दिसणारे आम्ही दोघं!

पण आमचंही पटेना. एकटा असला की सयाजी वाऱ्यासारखा सुटायचा. मी मागे बसले, की गाडी रांगायची.

"अहो, हा पाठलाग आहे, वरात नाही!"

"खड्डा हाय न्हवं..."

शेवटी दिग्दर्शक कडाडले, "पुढच्या वेळी जमलं नाही, तर मुंबईहून दुसरा माणूस आणतो!"

सयाजी खाली मान घालून गाडीशी जाऊन उभा राहिला. दुसरा माणूस? त्याच्यामागे मी बसायचं? छे, मला ते मुळीच नको होतं.

"एवढी कसली भीती वाटते तुम्हाला?" मी जवळ जाऊन विचारलं.

"माझी न्हाई वाटत." तो हँडल पुसत राहिला. "मागं तुमी असता... तुमास्नी काय झालं तर—"

 त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या... आणि माझं काळीज अस्सं धडधडलं!

मी मागे बसले. पहिल्यांदाच त्याच्या कमरेला घट्ट हात घातला.

"मी सोडणार नाही. तुम्ही सोडा गाडी!"

आणि काय सुटली गाडी! उसाची शेतं हिरव्या रेघा होऊन पळाली, पदर फडफडला, मागची जीप धुळीत दिसेनाशी झाली. "कट! कट! फक्कड!" लांबून ओरडा ऐकू आला. सयाजी थांबला नाही.

"अहो... कुठे?"

"तुमचं घर कुटं हाय?"

मी रस्ता दाखवला.

फौजेतून निवृत्त झालेले आमचे आबा अंगणात मिशांना पीळ देत बसले होते. सयाजी ताठ उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "मी आष्ट्याचा सयाजी. गॅरेज हाय. तुमची लेक मागाय आलोय."

मी तर जागीच गोठले! मागणं घालायच्या आधी मला विचारायचं तरी!

आबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग माझ्याकडे वळले.

"ह्यानं तुला इचारलं का?"

"नाही."

सयाजीचा चेहरा उतरला. पार पडवळासारखा.

"पण विचारलं असतं ना, आबा..." मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, "तर हो म्हणाले असते."