जुन्या खोळीतला नवा कंडेन्सर

नायगावहून नांदेडला मी आले होते ती आजोबांचा रेडिओ भंगारात द्यायला. बसस्टँडबाहेर ऑटोत चढताना तो हातातून निसटला… आणि शेजारच्या दुकानातून एकानं झेप घेऊन झेलला. मलाही धक्का लागला, पण मला कोण विचारतं!

"व्हॉल्व्हचा सेट हाय की हा! कुठं घेऊन चाललात?"

"भंगारात."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की मीच वरमले.

तो अश्वजित. जुने रेडिओ दुरुस्त करणारा. भंगार राहिलं, रेडिओ मी त्याच्याकडंच दिला. पुढचे चार रविवार मी त्याच्या दुकानात स्टुलावर बसून होते. वाळलेला एकेक कंडेन्सर तो काढायचा, मेण वितळवून त्याची पुठ्ठ्याची खोळ रिकामी करायचा, आत शेंगदाण्याएवढा नवा बसवायचा, पुन्हा मेणानं बंद. वरून सगळं आजोबांच्या वेळचंच! मी थक्क होऊन बघायचे. खरं सांगू? निम्मा वेळ त्याच्या बोटांकडंच.

"एवढं कशाला करून राहिलात? आतलं कोण बघणार हाय?"

"पुढचा मेकॅनिक." त्यानं रेडिओच्या पेटीत टॉर्च मारला. लाकडावर पेन्सिलीनं लिहिलं होतं — धोंडप्पा, देगलूर, १९७२. "जो दुरुस्त करतो, तो नाव लिहितो. आमच्यातली रीत हाय."

"मग तुमचं?"

"वाजल्यावर."

वाजल्यावर! पण तो वाजला की मला इथं यायला कारणच उरणार नव्हतं.

चौथ्या रविवारी त्यानं वायरीच्या मध्ये एक बल्ब जोडला. "बल्ब लख्ख राहिला तर आत बिघाड. मंद झाला तर सेट ठीक."

बल्ब लख्ख पेटला. असाच राहू दे, अजून एक रविवार मिळेल… मनात आलं, आणि माझी मलाच लाज वाटली. पण बल्ब हळूहळू मंद झाला. मग अश्वजितनं बल्ब काढून सेट थेट जोडला. काचेच्या व्हॉल्व्हांमध्ये तांबूस उजेड एकेक करून जागा झाला. घूं… खरखर… आणि त्यातून तेलुगूत बातम्या सांगणारी एक बाई! अंगावर काटा आला. आजोबा याच्यापुढं डोळे मिटून का बसायचे, ते तेव्हा कळलं.

सेट बंद करून त्यानं कानामागची पेन्सिल काढली. नाव लिहिलं, तारीख लिहिली. मध्ये मात्र बोटभर जागा सोडली.

"ही कुणासाठी?"

"आता तीस-चाळीस वर्सं कुणी उघडायचं न्हाई," तो रेडिओकडंच बघत म्हणाला. "पण उघडलं, तर… मी एकटाच होतो असं वाटायला नको त्याला."

मी पेन्सिल घेतली. लिहिलं — लुंबिनी.

"बघा हं… खोडरबर न्हाई माझ्याकडं," तो हळूच म्हणाला.

"लागायचं न्हाई. मला तुम्ही आवडता, अश्वजित. पुढच्या रविवारी येते… रिकाम्या हातानं."