तीनदा चुकला की कुलूप

पहिल्याच भेटीत ती त्याच्यावर चक्क खेकसली होती!

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेले पेशंट, आणि रिसेप्शनवरच्या तिच्या कॉम्प्युटरला कुठलाच पासवर्ड पसंत पडेना.

“मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, जुना नको… पासवर्ड मागताय की स्थळ बघताय?”

नवे नियम बसवायला आलेला तो कानापर्यंत लाल झाला. “तीनदा चुकला की कुलूप पडेल, मॅडम.”

“मग?”

“मग… मला यावं लागेल.”

बस्स! त्या दिवसापासून तिची बोटं भलतीच विसराळू झाली. कुलूप पडायचं, तो धापा टाकत जिना चढायचा, तिच्या खुर्चीमागून कीबोर्डवर वाकायचा… आणि दवाखान्याचा तो औषधी वास कुठल्या कुठे पळायचा.

“पुन्हा विसरलात?”

“तुमचे नियमच तसे खडूस!”

“फक्त नियम ना?”

ती ओठ दाबून हसायची.

आज मात्र तो न बोलावता आला. खांद्यावर भलीमोठी बॅग.

“अय्या, आज कुलूप पडलंच नाही!”

“काढायलाच आलोय. कायमचं.” तिच्याकडे न बघता तो कीबोर्डवर वाकला, दोन-चार कळा दाबल्या. “पेशंट ताटकळतात म्हणून डॉक्टरबाईंनी तक्रार केली. आमचे साहेब म्हणाले, तुझे नियम नकोत, तूही नको. संध्याकाळच्या गाडीने दादाकडे निघालोय. लांब.”

ती खुर्चीतून उठलीच. “अहो, पण मी — मी मुद्दाम चुकवत होते!”

“माहीत होतं.”

“मग साहेबांना सांगायचं ना!”

“तुमची नोकरी गेली असती. आणि मग मला वर कोणी बोलावलं असतं?”

“मला तुम्ही… खूप आवडता.”

“मलाही,” तो म्हणाला. “पण आता काय उपयोग…”

जिन्यावरून त्याची पावलं उतरत गेली. या वेळी धाप नव्हती, घाई नव्हती.

तिने चुकीचा पासवर्ड टाकला. पुन्हा टाकला. मग तिसऱ्यांदा — आणि श्वास रोखून जिन्याकडे पाहिलं.

कुलूप पडलंच नाही. पडद्यावर नुसतं आलं, ‘पुन्हा प्रयत्न करा.’

ती करत राहिली.